गुळव्याकडे पाठ

१८ नोव्हेंबर १९४५

काल मिरजेहून परत आलो. ताकारी स्टेशनावर उतरल्यापासून घर येईपर्यंत, बैलगाडी थांबवून जो भेटेल त्याला आबा एकच गोष्ट सांगत होते, "आमची चंद्रा सायबासंगं विंग्रजीत बोलली." आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही. आबा अंगठा करतात. त्यामुळं त्यांचा आनंद मला समजतो. पण दादा गाडीत मागं पाय सोडून बसला होता आणि हे सगळं त्याच्या कानांवर पडत होतं. ते मला बरं वाटलं नाही. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं.

झालं ते नीट लिहून ठेवते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आकाराम, मराठा पलटणीत होता. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला गेला, पुढची लढाई त्यानं आधी इटलीत आणि मग जर्मनीत कैदेत काढली आणि दिवाळीच्या तोंडावर घरी आला. आल्यापासून अंगात हिवताप, झोप नाही, बोलणं नाही. भाऊबीजेला मी ओवाळायला लागले तर निरांजनाचा उजेड तोंडावर आल्याबरोबर त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. मग परवा मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला आईला दिसला. किती वेळ उभा होता कुणाला ठाऊक नाही. हाक मारल्यावर निमूट वर आला. आबांनी त्याच दिवशी मिरजेला न्यायचं ठरवलं.

दवाखान्यातले डॉक्टर नवे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. दुभाष्याचं काम करणारी नर्स दुसरीकडं अडकली होती. आबांनी मला पुढं ढकललं. डॉक्टरांनी दादाचे डोळे पाहिले, पोट दाबलं, गोळ्या दिल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "वॉच हिम लाइक अ हॉक."

मला ते ऐकताक्षणी समजलं. सांगलीच्या शाळेत बाईंनी इंग्रजी वाक्प्रचारांचा धडा घेतला त्यात हे होतं. ससाण्यासारखी नजर ठेवणे. मी ते वाक्यात योजून दाखवलं होतं आणि बाईंनी सगळ्या वर्गाला माझं वाक्य उतरवून घ्यायला लावलं होतं. तेच माणसाच्या तोंडून खरोखर ऐकलं, आणि मला समजलं. माझ्या तोंडावर तो आनंद दिसला असावा, कारण डॉक्टरही हसले. त्यापुढं ते आणखी दोन-तीन वाक्यं बोलले. बाहेर रांग होती, ते घाईत होते. ती मला नीट लागली नाहीत. मी "येस सर" म्हटलं.

मुख्य काय ते समजलं आहे. तरी ती पुढची वाक्यं काय असतील, हे सकाळपासून मनात येतं आहे.

२० नोव्हेंबर

घरातल्यांना बसवून सांगितलं. आईनं विचारलं, "ससाण्यावानी म्हंजी कसं?"

"म्हणजे क्षणभरही नजर काढायची नाही."

"ससाणा तर आपल्या कोंबडीची पिल्लं उचलून न्हेतो. त्यो कुणाला राखतोय?"

"इंग्रजीत तसं म्हणायची रीत आहे, आई."

"तू गप ग," आबा म्हणाले. "सायबाला तुझ्यापरीस जास्त कळतंय."

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. वहिनी म्हणजे अंबू, दादाची बायको. लग्नाला वर्ष व्हायच्या आत दादा पलटणीत गेला. तेव्हापासून ती आमच्याकडंच राहून वाट बघते आहे. माझ्यापेक्षा फार मोठी नाही, पण मला वन्सं म्हणते आणि माझी टर उडवते.

आई, आबा, वहिनी सगळे मळ्यात जाणार. तेव्हा नजर ठेवायचं काम माझ्याकडं आलं. मार्चमध्ये माझी मॅट्रिकची परीक्षा आहे. सांगलीला मनुआत्याकडं राहून मी इथवर शिकले. पुस्तकं इथं आणली आहेत. सोप्यात बसून अभ्यास आणि राखण दोन्ही होईल. महिन्याभरात दादा बरा झाला की परत जाईन.

एक लिहायचं राहिलं. मी घरात बोलते तसं इथं लिहीत नाही, बाईंनी शुद्ध लिहायची सवय लावली. पण दुसऱ्यांचं बोलणं शुद्ध करणं मला खोटेपणाचं वाटतं, म्हणून ते जसंच्या तसं लिहिते.

४ डिसेंबर

ताप गेला. गोळ्या संपल्या. आबांनी आज विचारलं, "सायबानं किती दिस ध्यान ठेवायला सांगितलंय?" मी म्हणाले, "ते काही सांगितलं नाही."

हे बोलल्यापासून मला चैन नाही. सांगितलं नाही, आणि सांगितलेलं मला कळलं नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी पहिली बोलले. लगेच सुधारायला हवं होतं. पण शेजारचे भाऊसो बसले होते आणि आबा त्यांना माझ्या इंग्रजीबद्दलच सांगत होते.

दादाची एक नवी सवय. पहाटे उठून दारात उभा राहतो. हात मांड्यांना लावलेले, मान ताठ. कुणी बाहेर येईपर्यंत हलत नाही. मी येते, तो माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं बघते, मग तो तोंड धुवायला जातो. माझा त्याला आधार वाटत असावा. म्हणून मी आता त्याच्याआधी उठते, त्याला ताटकळावं लागू नये म्हणून.

११ डिसेंबर

दादा भिंतीकडं तोंड करून बसतो. चेहरा दिसेना म्हणून मी जागा बदलली. तो वळला. मी पुन्हा बदलली. वहिनी वैरणीचा भारा टाकायला आली होती, तिनं हे बघितलं.

"वन्सं, भनी-भाऊ फुगडी खेळताय जणू."

ती जाताना हळू आवाजात म्हणाली, "तुमी बघता तवा त्यांच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. माज्याम्होरं चुलीपाशी दोन भाकरी खाल्ल्या काल."

म्हणजे काल मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात त्याला चुलीपाशी, जाळाजवळ, बसू दिलं. मी आईला सांगितलं. आई वहिनीला बोलली. मला वाईट वाटलं, पण काही झालं असतं तर विचारणार मला होते.

२२ डिसेंबर

गुऱ्हाळ सुरू झालं. यंदा नाथाजी गुळव्या ठेवला आहे.

पलटणीत जाण्याआधी आमच्या गुऱ्हाळाचा गुळव्या दादाच होता. उसाचा रस काहिलीत कढत असतो तेव्हा मळी काढणं, जाळ कमी-जास्त करायला सांगणं, हे कुणीही शिकेल. पण पाक नेमका कधी उतरवायचा ते गुळव्यालाच कळतं. थोडा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर जळतो, आणि मधली वेळ फार थोडी असते. एका वेळी काहिलीत कढवलेल्या रसाला आमच्याकडं आदण म्हणतात. आदण उतरायला आलं की आमच्या गावात सगळ्यांनी गुळव्याकडं पाठ करायची. ऊस पिळणाऱ्या चरक्यावरचा माणूस, जाळ घालणारा, मालक, सगळ्यांनी. त्या वेळी पाकावर एकट्याची नजर हवी, असं म्हणतात. गुळव्या "उतरा" म्हणून हाक देतो तेव्हाच वळायचं. लहानपणी मी पाठ करून उभी राहायची आणि दादाची हाक आली की सगळ्यांत आधी वळायची, कारण पहिली काकवी तो मला द्यायचा.

आज सकाळी वाऱ्यावर रसाचा वास आला तसा दादा उठला. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलला.

"चंद्रे, गुऱ्हाळावर जाऊन येऊ का?"

मला विचारलं. थोरल्या भावानं. मी म्हटलं, "आबांना विचारते." आबा म्हणाले, "सायबानं तुला सांगितलंय. तूच ठरीव." मी विचार केला. चुलवाणाचा जाळ, उकळती काहील, काठावरून वाकून बघायचं काम. आणि मला ती विहीर आठवली.

मी नको म्हटलं. तो "बरं" म्हणून बसला.

३ जानेवारी १९४६

आज दादा हसला. वहिनी दुपारी परड्यात शेंगा फोडत होती, तो तिच्याजवळ बसला होता. मी मागच्या दाराच्या फटीतून बघत होते. त्याला दिसू नये याची काळजी घेतली होती.

कैदेतलं सांगत होता. तारेच्या कुंपणाच्या कोपऱ्यावर उंच माळा, त्यावर दिवसरात्र शिपाई. पहाटे सगळ्यांना ओळीत उभं करून मोजायचे. "मोजून झाल्याबिगर हलायचं न्हाई. एकदा त्यांचाच आकडा चुकला आन् आमी दुपारपातूर उभं."

"मग वो?"

"मग आमच्यातला एक परीट हुता, त्यो म्हनला, सायेब, एक तास आमी मोजतो, तुमी उभं ऱ्हावा."

वहिनी खदखदून हसली आणि दादाही हसला, पूर्वीसारखा, मान खाली घालून. मग म्हणाला, "मारझोड लय नव्हती. खायाला कमी, ते बी सोसतंय. पर त्यो वरला... झोपंत कूस बदलली तरी त्येला ठावं. मानूस हागायला बसला तरी त्येचं डोळं. मला वाटायचं, माज्या अंगावर कातडंच ऱ्हायलं न्हाई."

माझी बांगडी दाराला लागली. तो जागच्या जागी ताठ झाला आणि उरलेल्या शेंगा गोळा करायला लागला.

त्यानं हे सगळं वहिनीला सांगावं आणि मला काहीच सांगू नये, याचं वाईट वाटलं. मी त्याच्यासाठी परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवला आहे. त्या माळ्यावरच्या शिपायाचा मला संताप आला. माझ्या भावाची काय दशा केली त्यानं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला बरीच माणसं आली. दादाला सोप्यात बसवलं होतं. नाथाजी गुळव्याही आला. पितळी वाटीत पाण्यात टाकलेली पाकाची गोळी दादासमोर धरून म्हणाला, "आकाराम, ही बघ रं गड्या. उतरू का ठिवू?"

दादानं गोळी दोन बोटांत दाबली, कानाशी नेली. "ठीव अजून. इतक्यात उतरलास तर ढेप घाम गाळंल."

"तसंच झालंय. सकाळचंच आदण हाय त्ये," नाथाजी म्हणाला, आणि आबांकडं वळला. "आवं, ह्येला हितं कशाला बसवून ठिवलाय लोणच्यावानी? एक आदण त्येच्या हातनं उतरू द्या. मी हाय की संगं."

आबा माझ्याकडं बघायला लागले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला म्हणता येईना, की साहेब पुढं काय बोलले ते मला ठाऊक नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते.

संध्याकाळी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. एरवी टर उडवणारी, आज माझा हात धरला. "वन्सं, मी तुमच्याएवढी शिकल्याली न्हाई. पर एक दीस डोळं मिटा. माज्यासाठी. काय वंगाळ झालं तर मला बोल लावा."

मी म्हटलं, "वहिनी, मला भीती वाटते." हे खरं होतं. "मला बी वाटती," ती म्हणाली. "पर मी माजी भीती त्येंच्या अंगावर न्हाई टाकत."

हे वाक्य मला पुरतं समजलं नाही, पण झोंबलं.

२६ जानेवारी

दादानं एक आदण उतरवायला मी हो म्हटलं आहे. परवा. मी तिथं हजर असेन, या अटीवर. आबा म्हणाले, "त्ये तर हवंच."

मिरजेला पत्र टाकून विचारावं असं मनात आलं. पण काय लिहू? त्या दिवशी आपण काय म्हणालात ते मला समजलं नाही? आबा ते पत्र टपालात टाकायला नेणार आणि वाटेत कुणाकडून तरी वाचून घेणार. लिहिलं नाही.

दादा आज स्वतः दाढी करायला बसला. वस्तरा त्याच्या हातात होता तोवर मी समोर उभी राहिले.

२८ जानेवारी

लिहिलं पाहिजे.

गुऱ्हाळावर दादा गेला तेव्हा आधी नुसता उभा राहिला. मग त्यानं मुंडासं काढून कमरेला बांधलं, काहिलीभोवती एक फेरी मारली, चुलवाणात वाकून बघितलं आणि जाळ घालणाऱ्याला म्हणाला, "चिपाडं ओली हाईत. कडंची घाल." त्याचा आवाज निराळा होता. नाथाजीनं मला डोळ्यांनी खूण केली, बघ म्हणून.

मळी काढली. भेंडीचं पाणी टाकलं, पुन्हा मळी काढली. रस पिवळा झाला, मग तांबूस झाला. दादा ढवळायचं लाकडी फावडं थांबवून मधूनच कान वाकडा करून ऐकत होता. पाकाचा आवाज बदलतो, हे तो मला लहानपणी सांगायचा. मला तो कधीच ऐकू आला नाही. वाफेनं त्याचं तोंड लाल झालं होतं आणि त्या लाल तोंडावर मला माझा दादा दिसला. असाच गेला होता तो घरातून. मला रडू यायला लागलं.

मग नाथाजी म्हणाला, "आलं," आणि वळला. आबा वळले. चरका थांबला, बैलांचा माणूस वळला. जाळ घालणारा वळला. वहिनी लांब उसाच्या मोळ्यांपाशी उभी होती, ती वळली आणि मला हातानं खुणावत राहिली, वळा, वळा म्हणून.

मी वळले नाही. काठावर तो वाकलेला, खाली उकळता पाक, आणि बघायला कुणी नाही. सगळ्यांच्या पाठी. मी पाठ केली असती आणि तेवढ्यात काही झालं असतं तर? मला सांगितलेलं होतं. मी बघत राहिले.

हाक द्यायच्या आधी गुळव्या मान वर करून एकदा सगळीकडं बघतो, सगळे वळले आहेत ना म्हणून. दादानं बघितलं. एकेक पाठ बघत त्याची नजर माझ्यापर्यंत आली.

फावडं त्याच्या हातून सुटलं नाही. त्यानं ते नीट काहिलीच्या काठाला टेकवून ठेवलं. मग ताठ झाला. हात मांड्यांना लावले. पहाटे दारात उभा राहतो तसा माझ्यासमोर उभा राहिला, आणि थांबला.

काहील उकळत होती. वास बदलला. कुणी वळलं नाही, कारण हाक आली नव्हती. ओरडायला फक्त मीच होते. मी ओरडले नाही. मी बघत होते.

करपल्याचा वास नाकात भरला तेव्हा नाथाजी वळला. तोवर आदण काळं झालं होतं.

२९ जानेवारी

आबांनी लोकांसमोर सांगितलं, "चंद्रा म्हणत हुती त्येच खरं. त्येला हितं आणायलाच नगं हुतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. नाथाजीनं डोलावली नाही. "तिनं पाठ केली न्हवती," एवढंच तो म्हणाला. आबा त्याला म्हणाले, "तिला सायबानं सांगितलंय."



१६ फेब्रुवारी

दादा आता जागा बदलत नाही, भिंतीकडं वळत नाही. जिथं बसवलं तिथं, माझ्याकडं तोंड करून बसतो. ताट पुढं ठेवलं तरी हात लावत नाही. मी "जेव" म्हटलं की जेवतो, "पुरे" म्हटलं की उठतो. पहिल्या दिवशी मला बरंच वाटलं, म्हटलं आता ऐकतो तरी. आज आईनं "जेव रं बाळा" म्हटलं तर तो माझ्याकडं बघत राहिला, मी मान हलवीपर्यंत. आई उठून परड्यात गेली आणि बराच वेळ आली नाही.

मनुआत्या सांगलीहून आली होती. परीक्षेला बसायची मुदत गेली. "मी तुझ्यासाठी नवऱ्याची बोलणी खाल्ली," ती म्हणाली, "आन् तू हितं येऊन शिपाईगिरी करतीस?" रागानं बोलली. मी तो शब्द मनात घेऊन बसले आहे.

२० फेब्रुवारी

वहिनी माहेरी गेली, औंधकडं. कुणी पाठवली नाही. बोचकं बांधून दारात उभी राहिली. आई रडली, आबा ओरडले. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाच वर्सं वाट बघितली ती जड न्हाई गेली. तवा वाटायचं, येतील. आता कुणाची वाट बघू?"

जाताना दादाच्या पाया पडली. तो माझ्याकडं बघत होता.

मी आबांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. त्या वाक्यांचं. पण एवढंच म्हटलं, "आबा, मिरजेला जाऊन साहेबांना पुन्हा विचारू."

८ मार्च

मिरजेला गेलो, आबा आणि मी. दादाला आणलं नाही. तेच डॉक्टर. या वेळी शेजारी नर्स होती, आपल्याकडचीच, मराठी बोलणारी. मी विचारलं, तुम्ही ससाण्याचं म्हणालात त्यापुढं काय बोलला होतात?

त्यांना मी आठवत नव्हते. पण ते म्हणाले, कैदेतून सुटून आलेले जे जे इथं येतात त्यांच्या घरच्यांना ते हेच सांगतात. मग सांगितलं. नर्स आबांसाठी एकेक वाक्य मराठीत सांगत होती.

या गोळ्यांनी एखाद्याचं डोकं फिरतं, म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत नजर ठेवा. ताप गेला की त्याला त्याचं जुनं काम द्या, हाताला सवय असलेलं. आणि मग त्याच्या मागं कुणी उभं राहू नका. त्यांच्यावर फार पहारा झालेला आहे.

नर्सनं सांगायच्या आधीच मला प्रत्येक वाक्य समजत होतं. एकही शब्द कठीण नव्हता. हे सगळे शब्द मला त्या दिवशीही येत होते. मी फक्त माझ्या ससाण्याच्या आनंदात होते.

डॉक्टरांनी विचारलं, तो कसा आहे? नर्सनं मला विचारलं, तो कसा आहे? मला कोणत्याच भाषेत सांगता आलं नाही.

ताकारीपासून घरापर्यंत बैलगाडीत पुष्कळ माणसं भेटली. आबा कुणाशी बोलले नाहीत. मळ्याच्या वळणावर फक्त म्हणाले, "तवा का न्हाई बोललीस, पोरी?" त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१५ मार्च

घरात कुणी त्याच्याकडं बघत नाही. आई चुलीकडं तोंड करून त्याला वाढते. मी पहाटे बाहेर जात नाही, माळवदाच्या खोलीत तोंड झाकून पडून राहते. तो दारात उभा असतो हे मला ठाऊक असतं. ऊन वर आलं तरी उभा असतो. शेवटी आबा जाऊन त्याचा हात धरतात.

आबांनी नाथाजीला विचारलं, दादाला पुन्हा आदण देऊ का? नाथाजी आला, दादासमोर बसला, गोळीची वाटी पुढं केली. "बघ रं आकाराम." दादानं वाटी घेतली आणि बोटं पाण्यात बुडवून तशीच ठेवली. गोळी विरघळून गेली. मग नाथाजीनंच वाटी काढून घेतली.

४ एप्रिल

काल पाडवा झाला. वहिनीला आणायला आबा औंधला गेले होते, एकटे परत आले. "म्हनली, त्येंची हाक आली की यीन."

गुऱ्हाळ संपलं आहे. चरका काढून ठेवला, काहील पालथी घातली. आज दिवस कलायला लागल्यावर मी दादाला तिकडं घेऊन गेले. चल म्हटलं, आला. थंड चुलवाणाच्या कडेला, पूर्वी तो उभा राहायचा तिथं, त्याला बसवलं. आसपास कुणी नव्हतं. मला त्याची क्षमा मागायची होती, पण माझ्याकडं बघितलं की तो ताठ होतो, आणि क्षमा मागायची तर समोर बघायला हवं. म्हणून मी जी गोष्ट त्या दिवशी केली नव्हती ती केली. त्याच्याकडं पाठ केली आणि लांब जाऊन बसले, उसाच्या फडाकडं तोंड करून.

आई शोधत आली तेव्हा अंधारलं होतं. तिनं दोघांना हाताला धरून आणलं. तोवर काय झालं ते लिहिते, म्हणजे फारसं काही झालं नाही.

मागं शांत होतं. मला वाटलं, तो उठेल. काहिलीला हात लावील, फडात जाईल, विहिरीकडं जाईल, कुठंही जाईल. आज तो विहिरीकडं गेला असता तरी मी वळले नसते, असं मी मनाशी ठरवलं होतं. ते चूक की बरोबर मला ठाऊक नाही. मला आता काहीच ठाऊक नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "चंद्रे, उठू का?"

मी उत्तर दिलं नाही. हो म्हटलं तरी तो माझ्याच शब्दानं उठणार, नको म्हटलं तरी माझ्याच शब्दानं बसणार.

सूर्य आमच्या पाठीमागं खाली आला होता. दादाची सावली लांबत माझ्या अंगावरून पुढं गेली आणि माझ्यासमोरच्या मातीत पडली. खांदे, मुंडासं, मांडीवर सरळ ठेवलेले हात. हलत नव्हती. मी तिच्याकडं बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की सावलीकडं बघणं हेही बघणंच, आणि मी डोळे मिटून घेतले.

"उठू का, चंद्रे?"